जास्तीचा रकाना

बामणोलीच्या धक्क्यावर पावती फाडताना
कारकुनानं विचारलं, कारण काय लिहू? पर्यटन?
लिहा म्हटलं.
गवंडी माणूस भिंत बघायला चाललाय
हे कुठल्या रकान्यात बसणार?

लाँचवरचा विठू संकपाळ तासभर गप्प.
मधेच एका जागी, पाणी सगळीकडं सारखंच असताना,
त्यानं लाँच जरा डावीकडून घेतली.
"खाली देऊळ हाय. वरनं जाऊ नये."
मी काढलेला मोबाईल परत खिशात ठेवला.

पलीकडं वनखात्याची चौकी. प्लास्टिकची मोजदाद.
बाटल्या दोन. शेंगदाण्याची पिशवी एक.
गोळ्यांचं पाकीट एक.
रेनकोट प्लास्टिकमध्ये धरायचा की कपड्यांत,
यावर पोरसवदा गार्ड बराच वेळ अडला.
उतरताना हिशोब जुळला तरच अनामत परत.

मग जंगल.
उठून गेलेल्या गावाची जोती अजून वाटेच्या कडेला.
एका घराचा उंबरा उंबराच्याच मुळानं
वर उचलून धरलाय, जॅक लावल्यासारखा.
दार नाही, भिंत नाही,
तरी मी त्यावर पाय न देता आत गेलो
आणि आत काही नव्हतं म्हणून बाहेर आलो.

वासोट्यावर मारुतीला छप्पर नाही.
लोक त्याच्याबरोबर फोटो काढतात;
माझं लक्ष दगडांच्या सांध्याकडं.
नखानं टोकरून बघितलं.
नख तुटलं. चुना तसाच.

मी टाईल्स बसवतो. मेढ्यात, कुडाळात, कधी साताऱ्यात.
सकाळी बसवलेल्या फरशीवरून
दुसऱ्या दिवशी माणसं चपला घालून फिरतात.
आबा चुना भिजत घालून महिनाभर वाट बघायचे.
हिरडा, गूळ, बेलफळाचा गर,
आणि आणखी काहीतरी, जे मी विचारायचं राहिलो.
म्हणायचे, घाईत मळलेला चुना
तू मेल्यावर तुझ्याबद्दल वाईट बोलतो.
सिमेंटची गोणी वाड्यावस्त्यांवर पोचली
तेव्हा त्यांनी घाण्याचं दगडी चाक विकलं
पाचगणीच्या एका हॉटेलवाल्याला.
बागेत उभं केलंय. त्यावर नाव रंगवलंय हॉटेलचं.

म्हणून हा गड. म्हणून हा घाणा.
झाडीत गोल चर, मी वितीनं मोजला.
दोनदा मोजला, आकडा वेगवेगळा आला.
चरात साठलेलं पाणी, पाण्यात बेडकाची पिल्लं
बैलाच्याच वाटेनं गोल फिरत होती.
आणि एक रिकामी बाटली, कुणाची तरी.
ती उचलली.

बाबूकड्यावर सांगलीची कॉलेजची पोरं
एकमेकींची नावं घेऊन ओरडत होती.
कडा इमानदार, प्रत्येक नाव परत देत होता.
"काका, तुम्ही पण."
नाव सुचेना.
तोंडातून निघालं ते रोजचंच,
परातीवरच्या बिगाऱ्याला घालतो ती हाक:
माल दे!
पोरं पोट धरून हसली.
कड्यानं जरा वेळ घेतला, मग
समोरच्या भिंतीवरून कुणी जुना मिस्त्री बोलावा तसं
माल दे
दे
पोरांचं हसू थांबलं की नाही, माझं लक्ष नव्हतं.
मी हात पुढं केलेला होता. थापी धरायचा हात.

खाली चौकीत गार्डनं पुन्हा मोजलं.
"बाटल्या तीन? जाताना दोन होत्या."
एक वर सापडली.
त्यानं वही उलटसुलट केली.
"कमी आलं तर दंड लिहितो आम्ही.
जास्तीचा रकानाच नाही."
शेवटी तिसरी बाटली त्यानं स्वतःच्या नावावर चढवली
आणि शंभराची नोट परत दिली, माझीच, तीच घडी.

परतीला लाँच जड चालली.
विठूनं विचारलं, काय बघितलं वर?
चुना, म्हटलं.
त्यानं मान हलवली.
"आमच्या देवळालाबी चुनाच हाय.
साठ वर्सं पाण्यात. बघ की मग."
आणि ती जागा आली तेव्हा
या खेपेला त्यानं इंजिन बंद केलं.
डावीकडं नाही, उजवीकडं नाही,
आम्ही नुसते
तरंगत राहिलो.